बाहेर राहिलेलं बटर

रविवारी सकाळी गारठेसाहेबांनी पाणी प्यायचं ठरवलं. बस्स, एवढंच. तुम्ही म्हणाल, पाणी प्यायचं त्यात ठरवायचं काय? तहान लागली की माणूस पितो. खरं आहे. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही अशी त्यांना घरातून सक्त ताकीद होती आणि पाण्याचा जग मुद्दाम बाहेर, सोफ्याशेजारच्या स्टुलावर, भरून ठेवलेला होता. तो जग तसाच ठेवून ते आत गेले. का, तर जगातलं पाणी कोमट होतं. (कोमट ही गोष्ट त्यांना कशातच खपायची नाही. पाण्यात तर नाहीच नाही.)

गारठे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का. ते एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होते. तिथे हमालांपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना गारठेसाहेब म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी साहेबांनाच ते आवडायला लागलं. गोदामातलं बटर, चीज, आइस्क्रीम दुकानापर्यंत गारच्या गार पोचतं की नाही हे बघायचं आणि दुकानदारांचे फ्रीज न सांगतासवरता जाऊन तपासायचे, हे त्यांचं काम. "साखळी तुटता कामा नये," असं ते उठताबसता म्हणत. म्हणजे गोदामातून गाडीत, गाडीतून दुकानात, दुकानातून घरात, माल कुठेही गरम होता कामा नये.

आता साखळी घरापर्यंत आली म्हटल्यावर स्वतःचं घर कसं सुटणार? ओट्यावर दुधाचं पातेलं राहिलेलं दिसलं, की कुणीतरी तान्हं मूल उन्हात टाकून गेल्यासारखे ते धावायचे. जेवायला वाढून झालं रे झालं, की भांडी फ्रीजमध्ये. दुसऱ्यांदा वाढून घ्यावं तर सगळं गारढोण. एकदा सासूबाईंच्या खोकल्याचं औषधही त्यांनी असंच आत ठेवलं होतं. ते गार औषध घेऊन सासूबाई आठवडाभर जास्तच खोकल्या. बोलणार कोण? हा माणूस चुकत होता तोही इतक्या प्रामाणिकपणे, की रागवायचीही पंचाईत.

त्या रविवारी मात्र गंमत नव्हती. त्या रविवारी बायकोची परीक्षा होती.

तिने वर्षापूर्वी बेकिंगचा क्लास लावला होता. पहिले दोन महिने घरात जे काही भाजून निघालं ते दारामागे अडकण म्हणून लावण्याच्या लायकीचं होतं. पण बाई चिवट. शिकत गेली, बिघडवत गेली, परत करत गेली, आणि शेवटी तिचा हात व्हाइट चॉकलेटच्या कपकेकवर बसला. व्हाइट चॉकलेट वितळवून पिठात घालायचं, आणि वरच्या बटरक्रीममध्येही तेच. नोझलमधून गोल गोल फिरवत वर नेलेलं ते पांढरंशुभ्र क्रीम बघितलं की खाणारा आधी "वा" म्हणायचा आणि मग तोंड उघडायचा. कोपऱ्यावर जो कॅफे होता, तिथल्या बाईंनी एकदा तो चाखला आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी दोन डझन घेऊन या. गिऱ्हाइकांना देऊन बघते. आवडले तर आमच्याकडचे कपकेक यापुढे तुमचेच. आणि पाटीवर तुमचं नाव लिहिते."

या शेवटच्या वाक्याने तिची झोप उडाली. जन्मभर ती कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सून आणि गेली कित्येक वर्षं गारठेसाहेबांची मिसेस होती. नुसतं तिचं, तिचं स्वतःचं नाव, खडूने का होईना, पण चारचौघांत लिहिलेलं तिने शाळा सोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

म्हणून सकाळी कपकेक भाजून, जाळीवर गार करायला ठेवून, पर्स घेऊन बाहेर पडताना ती दारात थांबली.

"अहो, मी खोकी आणायला जातेय. कशालाही हात लावायचा नाही."

"कशालाही म्हणजे?"

"म्हणजे कशालाही. हात खिशात ठेवा."

"पायजम्याला खिसे नाहीत."

"मग हाताची घडी घालून बसा. आणि आत जायचं नाही. पाणी इथे ठेवलंय."

"अगं, मी काय लहान आहे का?"

या प्रश्नाचं उत्तर न देता ती गेली. (उत्तर दोघांनाही माहीत होतं.)

तर साहेब पाणी प्यायला आत गेले. त्यांनी फ्रीज उघडला, बाटली काढली, तोंडाला लावली आणि बाटलीवरून सहज समोर बघितलं. टेबलावर, बशीत, उघड्यावर, बटरची अख्खी वडी पडली होती.

बाटली तिथेच टेकवली. त्यांनी जवळ जाऊन अंगठ्याने वडी दाबून बघितली, आणि अंगठा आरामात आत गेला. असं मऊ बटर दुकानात सापडलं असतं तर त्यांनी दुकानदाराला उभं-आडवं फैलावर घेतलं असतं. आणि हे त्यांच्याच घरात! बरं, एवढ्या महत्त्वाच्या दिवशी! ही बाई घाईत फ्रीजमध्ये ठेवायला विसरली, दुसरं काय? आपण आत आलो म्हणून बरं, नाहीतर आज कॅफेवाल्या बाईंसमोर काय नाक राहिलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. हात लावायचा नाही असं बजावलं होतं खरं, पण घराला आग लागली तर काय हाताची घडी घालून बसायचं?

त्यांनी वडी उचलली आणि फ्रीजरमध्ये, सगळ्यात मागे, जिथे बर्फ भिंतीला धरतो तिथे नेऊन नीट बसवली. वर बर्फाचा ट्रे ठेवला. मग उरलेलं पाणी पिऊन, बायकोच्या नकळत तिच्यावर केवढे उपकार केले या समाधानात ते बाहेर येऊन पेपर वाचत बसले. चांगला अर्धा-पाऊण तास बसले. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा सुखाचा पाऊण तास म्हणायला हरकत नाही.

सासूबाई त्यांच्याजवळच राहायच्या. मऊ स्वभावाची, कमी ऐकू येणारी म्हातारी बाई. लेकीच्या कपकेकसाठी आपणही कॅफेत जायचं म्हणून त्यांनी सकाळपासून ठेवणीतली शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्या खुर्चीत येऊन बसता बसता त्या म्हणाल्या, "जावईबापू, बटर मऊ झालं का हो?"

"काय झालं का?"

"बटर. ती म्हणत होती ना, बाहेर ठेवून चांगलं मऊ झालं पाहिजे. घट्ट असलं तर क्रीम होत नाही म्हणे. सकाळी उठल्या उठल्या काढून ठेवलंय तिने."

पेपर साहेबांच्या हातातून गळून पडला. तो त्यांनी उचलला. परत पडला.

"मुद्दाम... बाहेर... ठेवलं होतं?"

"हो. आली की लगेच फेटायला घेणार. वेळ कुठाय?"

साहेब फ्रीजरकडे असे धावले, की पायातली एक चप्पल मागेच राहिली. वडी काढून टेबलावर ठेवली तर ठक्क असा आवाज आला. एरवी हा आवाज ऐकून त्यांना समाधान वाटायचं. आज त्यांनी घाईघाईने सुरी काढली. साखळी एवढी चोख जोडली होती, की सुरीचं टोक वाकलं पण बटरवर चरा उठला नाही.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायको आल्यावर सरळ सांगितलं असतं, "बाई गं, चुकलो." पण शहाणा माणूस मुळात कोमट पाणी पिऊन गप्प बसला असता. साहेबांनी ठरवलं, ती यायच्या आत बटर होतं तसं करून ठेवायचं, म्हणजे कुणाला काही कळणारच नाही.

पहिल्यांदा त्यांनी वडी गरम पाण्यात धरली. ती हातातून निसटून बुडाली आणि वर तवंग आला. मग सकाळच्या भाजण्याने अजून गरम असलेल्या ओव्हनमध्ये ठेवली आणि थोड्या वेळाने काढली, तर बाहेरून तेल आणि आतून दगड. तापवणं हा मुळी त्यांचा विषयच नव्हता. जन्मभर गार करण्यात गेला, तापवायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्यांना आठवलं, की बायको एका यंत्राने फेटते आणि त्यात पांढरी पूड घालते. म्हणजे क्रीमच करून टाकावं की! तिचं कामही वाचेल! त्यांनी त्या तेलात आणि दगडात आयसिंग शुगरचा उरलासुरला पुडा एकदम उपडा केला, बीटरची पाती त्यात रोवली आणि बटण दाबलं. कुठलं बटण? अर्थातच शेवटचं.

पुढचं नीटसं कुणालाच दिसलं नाही. स्वयंपाकघर पांढरं झालं. आतला दगड बीटरच्या पात्यांत अडकून भांड्यासकट गरगरा फिरायला लागला. तुपकट तुषार छतापर्यंत गेले आणि साखर मात्र दारातून बाहेर पडून सासूबाईंवर सावकाश उतरली. त्यांचा नुकता डोळा लागला होता. त्यांनी डोळे उघडले आणि घाबरून हाका मारायला लागल्या.

"जावईबापू! अहो जावईबापू! मला काही दिसेना! मोतीबिंदू परत आला वाटतं!"

"नाही आई, नाही! चष्म्यावर धूळ आहे नुसती!"

साहेबांनी त्यांचा चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. केस मुळातच पांढरे, त्यामुळे डोक्यावरची साखर त्यांच्या लक्षात आली नाही. खांद्यावरची यायला हवी होती, पण तोवर ते एका पायात चप्पल घालून जिना उतरत होते. आता एकच मार्ग होता. दुकान.

दुकान म्हणजे तेच, ज्याचा फ्रीज त्यांनी मागच्याच आठवड्यात तपासला होता. वडीचा एक कोपरा जरासा दबला म्हणून चार गिऱ्हाइकांसमोर त्या दुकानदाराची त्यांनी बिनपाण्याने केली होती. "परत मऊ माल दिसला तर पुरवठा बंद," असा दम भरून आले होते. साहेब धापा टाकत आत शिरलेले बघताच दुकानदार हातातला तराजू सोडून ताठ उभा राहिला.

"बटर आहे का?" साहेबांनी विचारलं.

"आहे साहेब! कडक आहे!"

"कडक नको. मऊ दाखवा."

दुकानदाराचा चेहरा उतरला. "मऊ? साहेब, देवाशप्पथ सांगतो, आमच्याकडे मऊ नाही."

"असेल हो एखादं. नीट आठवून बघा."

"नाही साहेब! तुम्ही सांगून गेल्यापासून फ्रीजचं दार मी स्वतः उघडतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"एखादं चुकून बाहेर राहिलं असेल. मी काही बोलणार नाही. खरंच."

"मागच्या वेळीही तुम्ही आधी असंच गोड बोलला होता, साहेब!" त्याने एक वडी काढून काउंटरवर आपटली. बरण्या हादरल्या. "ही बघा! ठोकून बघा! दुसरी काढू?"

शेवटी साहेब काउंटरवर वाकले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "अहो, तपासणी नाही ही. मला घरी हवंय. मऊच हवंय."

दुकानदार कसनुसं हसला. "काय साहेब! तुमच्या घरी, आणि मऊ बटर? मी काय आजच धंद्यात आलोय?"

रांगेतले लोक हसले. एका आजोबांनी तर दुकानदाराची पाठ थोपटली, "बरोबर आहे, कबूल करू नकोस," म्हणून. जे पेरलं ते उगवलं, दुसरं काय? दगडासारखी एक वडी विकत घेऊन साहेब बाहेर पडले. चालता चालता त्यांना वाटलं, अंगात ऊब असतेच की. त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी, वडी धरली. पोटाला असा चटका बसला की डोळ्यांतून पाणी आलं, पण सोडली नाही.

जिन्यात शेजारचे ड्रॉइंग मास्तर भेटले. निवृत्त, एकटे गृहस्थ. त्यांचा फ्रीज बंद पडून युगं लोटली होती. ते त्यात रंगाच्या बाटल्या आणि कागदाच्या गुंडाळ्या ठेवत. त्यामुळे साहेब त्यांना माणसांतच धरत नसत. मास्तरांच्या मिशीला काहीतरी पांढरं लागलं होतं. (हा माणूस चित्र कमी आणि स्वतःला जास्त रंगवतो, असं साहेबांचं मत होतं.)

"काय साहेब, पोट दुखतंय का?"

"हो, जरा," असं म्हणून ते वाकून वाकून घरात शिरले. आणि दारातच थिजले.

बायको आली होती. पर्स खांद्यालाच होती. ओट्यावर बघत होती, छताकडे बघत होती. बाजूला सासूबाई, अंगाखांद्यावर साखर घेऊन, भेदरलेल्या.

"हे काय झालंय?" तिने विचारलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बटर फ्रीजरमध्ये कुणी ठेवलं?"

साहेबांनी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं तेव्हा त्यांच्या मनात खरंच बोलायचं होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर सासूबाईंच्या खांद्यावरच्या साखरेवर गेली, आणि जीभ आपली आपण वळली.

"आई... आत आल्या होत्या वाटतं."

बघा, "वाटतं" म्हणाले. म्हणजे अगदीच खोटं नको, असा हिशेब होता. पण वाक्य तोंडातून निघाल्याबरोबर त्यांना वाटलं, कुणीतरी ते परत तोंडात कोंबावं. सासूबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. एका पायात चप्पल, हात पोटावर, कपाळावर तूप. त्या सगळं समजल्या. कानाने कमी ऐकणाऱ्या बाईला डोळ्यांनी सगळं ऐकू येतं.

"हो गं," त्या लेकीला म्हणाल्या. "मीच ठेवलं आत. वय झालं आता, काही लक्षात राहत नाही बघ. आणि मग फेटायला गेले, तर हे असं झालं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण नुसतं म्हणतो. साहेबांनी त्या क्षणी खरोखर खाली फरशीकडे बघितलं. फरशी दुभंगली नाही. घसरडी मात्र झाली होती. "नाही, मी ठेवलं," हे तीन शब्द जुळवत ते पायातली एकुलती एक चप्पल फरशीवर घासत राहिले. ज्या बाईने जावयाला कधी अर्ध्या शब्दाने दुखवलं नाही, तिच्या पांढऱ्या केसांमागे आपण लपलो. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आतून कुणीतरी ओल्या फडक्यासारखं पिळतंय असं वाटत होतं.

बायकोने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "बरं," म्हणाली. "अहो, तुम्ही आंघोळ करून घ्या. शर्टातून काय गळतंय?"

बटर अखेर मऊ झालं होतं. शर्टाच्या आत.

आंघोळ करून साहेब भीत भीत बाहेर आले आणि बघतच राहिले. टेबलावर दोन डझन कपकेक उभे. प्रत्येकावर पांढरंशुभ्र, मऊसूत क्रीम, वळणावर वळण घेत वर गेलेलं, टोकाला अगदी इवलीशी मुरड. हे कधी झालं? कशाचं झालं? विचारावं तर आधी कबूल करावं लागणार. म्हणून ते काही न विचारता मुकाट्याने खोक्यांत कपकेक भरू लागले.

"आई, चल ना, शाल घे," बायको म्हणाली.

"नको गं, मी घरीच थांबते," सासूबाई म्हणाल्या. "तिथे येऊन परत काही घोळ घालीन. तुमचा चांगला दिवस आहे." आणि खुर्चीवरची ठेवणीतली शाल उचलून, झटकून, घडी करून त्यांनी ती कपाटात ठेवून दिली.

ते कपाटाचं दार लागल्याचा आवाज साहेब कॅफेपर्यंत ऐकत गेले.

कॅफेत चांगली गर्दी होती. कॅफेवाल्या बाईंनी कपकेक काचेच्या थाळीत मांडले, पहिला स्वतः घेतला. एक घास. बायकोने पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. दुसरा घास. मग बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहो, हे क्रीम आहे की काय आहे! जिभेवर ठेवलं की नाहीसंच होतंय!"

त्यानंतर थाळी बघता बघता रिकामी व्हायला लागली. लोक दुसरा मागायला लागले. बाईंनी खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, व्हाइट चॉकलेट कपकेक, आणि त्याखाली तिचं नाव. तिने ते वाचलं, आणि वाचून झाल्यावरही बघत राहिली. नाक लाल झालं होतं तिचं.

"दिवसाआड द्या मला," बाई म्हणाल्या. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या साहेबांकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "साहेब, तुमचीही मदत झाली असेल ना भरपूर?"

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. त्यांच्या हातात एक कपकेक होता, मघापासून तसाच. 

"बटर मी आत ठेवलं," साहेब एकदम मोठ्याने म्हणाले. "आईंनी नाही. मी ठेवलं. बीटरही मीच लावला. आईंच्या अंगावर साखर माझ्यामुळे पडली. मी नालायक माणूस आहे."

 एका मुलीने चमचा खाली ठेवला. (कॅफेवाल्या बाईंना काहीच समजलं नव्हतं, पण त्यांनी हळूच साहेबांपुढे पाण्याचा ग्लास सरकवला. कोमट होतं. साहेब गटागटा प्यायले.)

"माहितेय मला," बायको शांतपणे म्हणाली.

"माहितेय?"

"अहो, आपल्या घरात बटर मऊ होत नाही, हे मला क्लासच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. तेव्हापासून आपलं बटर मास्तरांकडे असतं."

खिडकीजवळच्या टेबलावरून ड्रॉइंग मास्तरांनी चमचा वर करून ओळख दाखवली. मिशीला परत पांढरं लागलं होतं. "आमच्या फ्रीजमध्ये ठेवतो," ते म्हणाले. "बंद आहे ना. छान मऊ होतं."

"म्हणजे आजचं क्रीम..."

"मास्तरांच्या ओट्यावर फेटून आले. खोकी कालच आणली होती."

"आणि टेबलावरचं बटर?"

"ते तुमच्यासाठी ठेवलं होतं. तुम्हाला काही आत ठेवायला मिळालं नाही की तुम्ही स्वस्थ बसत नाही. मागे एकदा बाहेर काही ठेवलेलं नव्हतं, तर तुम्ही भिजवलेलं पीठ नेऊन ठेवलंत, केक फुगलाच नाही. आज म्हटलं, एक वडी गेली तर गेली, कपकेक तरी वाचतील. तुम्ही ती ठेवाल आणि पेपर वाचत बसाल, एवढाच माझा अंदाज होता. आईलाही सांगितलं नव्हतं, तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून." ती जरा थांबली. "तुमचं मात्र राहिलं बघा तिच्या पोटात."

साहेबांनी हातातला कपकेक थाळीत परत ठेवला.

"बटरचं काही नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "बटर तुम्ही आत ठेवणार हे मी धरूनच चालले होते. आईचं नाव घ्याल, हे नव्हतं धरलं."

 साहेब तिथून जे निघाले ते तडक घरी. सासूबाई खाली वाकून फरशीवरची साखर पुसत होत्या. साहेबांनी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि तिथेच ओल्या फरशीवर बसले.

"आई, चुकलो मी. तुमचं नाव घ्यायला नको होतं. माझी मलाच लाज वाटते."

सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "अहो, असू दे. घाबरला होतात तुम्ही. तुम्ही लग्नाचं विचारायला आला होतात ना, तेव्हाही अस्सेच घाबरले होतात. तेव्हाही मीच सांभाळून घेतलं होतं. सवय आहे मला."

साहेबांनी कपाटातून शाल काढली, आपल्या हाताने त्यांच्या खांद्यांवर घातली आणि हाताला धरून जिना उतरवून कॅफेत नेलं. लेकीच्या नावाच्या पाटीखालची खुर्ची त्यांना दिली. सासूबाईंनी दोन कपकेक खाल्ले, आणि तिसऱ्याकडे बघत म्हणाल्या, "छान आहेत गं, पण साखर आज जरा जास्तच झाली मला."

आता इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. साहेबांनाही वाटलं होतं. पण ऑर्डर दिवसाआडची. एवढं बटर दर वेळी मास्तरांकडे न्यायचं, आणायचं, हे काही जमण्यासारखं नव्हतं. बायकोने एक रात्र विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन पद्धत सुरू झाली. कपकेकच्या दिवशी बटर सकाळपासून घरीच, टेबलावर, ऐसपैस बसलेलं असतं. आणि साहेब शेजारी जातात. बटर मऊ झालं, की सासूबाई भिंतीवर थाप मारतात. तोवर यायचं नाही.

परवा मास्तरांकडे एक पाहुणे आले होते. बंद फ्रीजसमोर स्टुलावर बसलेल्या साहेबांना बघून त्यांनी हळूच विचारलं, "हे कोण?"

"शेजारचे," मास्तर म्हणाले. "पूर्वी त्यांच्याकडून बटर ठेवायला द्यायचे. आता ह्यांना देतात." मग सुस्कारा सोडून म्हणाले, "बटर बरं होतं हो. निदान दर दहा मिनिटांनी उठून फ्रीज उघडून बघत नव्हतं."